चिंधाईच्या खिंडीतलं मार्किंग

१५ ऑगस्ट, शुक्रवार
जिवतीची पूजा झाली. पुरणाचे दिवे केले. झेंडावंदनाला खाली गेले तर शेजारच्या ताजुन्निसाचा मुलगा नुमान माइकवर बोलत होता. डांगे चौकात दुचाकीच्या पार्टचं दुकान चालवतो आणि पहाटे पोरं गोळा करून पळतो तो. त्यांचा ग्रुप मावळात शर्यत ठेवणार आहे. डांबरावरची नाही, डोंगरातली. ट्रेल रन म्हणतात. जुन्या घाटवाटेने वर, लोहगड-विसापूर समोर ठेवून खिंडीतून पलीकडे, आणि लेण्यांच्या अंगाने खाली. बारा किलोमीटर. पूर्वी या वाटेने मिठाचे बैल जायचे म्हणे.

मी तिथेच ह्यांचं नाव दिलं.

ह्यांनी दिवाळीत व्हीआरएस घेतली, तेव्हापासून गॅलरीत बसून आहेत. चाकणच्या कंपनीची बस सकाळी चौकात थांबते, ती बघतात. ती सुटली की आत येतात. मग दिवसभर काही नाही. डॉक्टर म्हणाले, माणसाला चालतं ठेवा. मी म्हटलं चालतं कशाला, पळतं ठेवते.

घरी येऊन सांगितलं. हे काही बोलले नाहीत. म्हणजे मनात होतंच.

संकल्प: ह्यांना शर्यतीत उतरवून पुन्हा पूर्वीसारखा माणूस करणे.

१७ ऑगस्ट, रविवार
ताजुन्निसा जिन्यात भेटली. म्हणाली, वहिनी, भाईंना पळवताय की हाकलताय? मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, माणूस गप बसला म्हणजे राजी झाला असं कोणी सांगितलं तुम्हाला? तिच्या घरात सगळे एकदम बोलतात, तिला शांततेची सवय नाही.

नुमान म्हणतो, ट्रेलचे बूट वेगळे असतात काकू, खाली दात असतात. कशाला? ह्यांचे कंपनीचे सेफ्टी शूज कोरे पडलेत. पुढे लोखंडी टोपी आहे. दगडावर आपटलं तरी बोटं शाबूत. दाताचं काय घेऊन बसलाय.

१८ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
घोराडेश्वरच्या डोंगरावर. दर्शन आणि सराव एका फेरीत. ह्यांना म्हटलं, पायऱ्यांनी नको, बाजूच्या पाऊलवाटेने चढा. चढले. छान चढले. बूट ठणठण वाजत होते, लोक वळून बघत होते.

वर गर्दी. पिंडीला बेल वाहून बाहेर आले तर हे नाहीत. बराच वेळ शोधलं. शेवटी खाली, रेल्वेच्या रुळांच्या अंगाला, एका बाभळीजवळ उभे दिसले. विचारलं इथे कसे? म्हणाले, पुढे एक पिवळ्या शर्टवाला चालला होता, त्याच्या मागे आलो. तो कोण? माहीत नाही. मग थांबला का? तो गाडीत बसून गेला.

सराव चांगला झाला म्हणायचा. एवढा उतार न पडता उतरले.

२४ ऑगस्ट, रविवार
आज नुमानबरोबर वाट बघायला गेले. ग्रुपमधल्या पोरांना सुट्ट्या नव्हत्या. मी म्हटलं, मी येते, जेजुरीचा गड उपाशीपोटी चढणारी बाई आहे मी. हे गाडीत बसून राहिले, काच वर करून. काच खाली करा म्हटल्यावर केली.

वरपर्यंत धुकं. हिरवं इतकं की डोळे दुखतात. खिंडीत वाटेला दोन फाटे फुटतात. उजवी लेण्यांकडे उतरते, तीच शर्यतीची. डावी सपाट आहे, सरळ आहे, चालायला सोपी, आणि झुडपाझुडपाला चिंध्या बांधलेल्या. लाल, हिरव्या, विटलेल्या, काही नव्या. शेवटी एक शेंदूर फासलेला दगड. चिंधाई. तिच्या पुढे धुकंच धुकं.

मी हात जोडले. डोळे भरून आले. पलीकडून वारा वर येत होता. वारा खालून वर कसा येतो, हे मनात आलं, पण देवीपुढे असले विचार करू नयेत.

खालच्या गावची सावित्रीबाई तिथे गवत कापत होती. तिला म्हटलं, जागृत दिसते देवी. ती म्हणाली, व्हय तर. लई जागी हाय. म्हणून तर चिंधी देतो आमी. आपल्या बदली चिंधी द्यायची, अन् मागं फिरायचं. पुढं कडा हाय बाई. चिंधी दिसली का पाय थांबला पायजे. आमची तर गुरंबी थांबत्यात.

किती छान श्रद्धा! मी ओटीतल्या रुमालाचा काठ फाडून बांधला.

उतरताना नुमानने मार्किंगचं सांगितलं. पळणाऱ्यांना वाट कळावी म्हणून झाडांना पट्ट्या बांधायच्या असतात, भगव्या चकाकत्या प्लास्टिकच्या. मी म्हटलं, हे माझ्याकडे सोड. तो म्हणाला, काकू, हे सगळ्यात जोखमीचं काम आहे. मी म्हटलं, म्हणूनच म्हणते माझ्याकडे सोड.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका
उपास. प्लास्टिकची टेप नुमानकडून दुकानात परत करायला लावली. गुरांच्या पोटात जातं ते. ट्रंकभर ब्लाउजपीस पडलेत माझ्याकडे, ओटीत आलेले. हिने तिला द्यायचे, तिने हिला, शिवत कोणीच नाही. त्याच्याच पट्ट्या फाडते. ओटीचं कापड म्हणजे आशीर्वाद. माणसं आशीर्वादाच्या वाटेने धावतील.

ह्यांना टोक धरायला लावलं. मध्येच बेल वाजली, ताजुन्निसा आली होती. दारातच खूप वेळ बोललो. ती गेल्यावर आत आले तर हे तसेच उभे, टोक धरून. ताणून. कात्री खाली पडलेली.

सोडायचं ना, म्हटलं. तेव्हा सोडलं.

कामात इतकं लक्ष हल्ली कोण देतं?

३ सप्टेंबर, बुधवार
काल गौरी-गणपती गेले. घर रिकामं वाटतं. दिव्या आज मारुंजीला तिच्या खोलीवर परत गेली. आमची मुलगी, हिंजवडीत नोकरी करते, तीही धावणार आहे.

जाताना तणतण करून गेली. आई, बाबांना विचारलंस का? म्हटलं त्यांनी कधी नाही म्हटलं? ती म्हणाली, तेच तर! ते कधीच नाही म्हणत नाहीत. तू त्यांना विहिरीत जा म्हणालीस तर टॉवेल घेऊन जातील. आणि मोठ्याने दार ओढलं. नोकरीचा ताण आहे तिला.

तिचं म्हणणं सगळ्यांच्या फोनमध्ये वाटेचा नकाशा असणार आहे, चुकलं की फोन ओरडतो. बाबांना माझं नकाशाचं घड्याळ देते म्हणाली. नको म्हटलं. ह्यांचा मोठा फोन मीच कपाटात ठेवला आहे, उगीच बघत बसायचे. बटणाचा पुरे. आणि नकाशा हवा कशाला? वाटेवर मी आहे ना!

७ सप्टेंबर, रविवार, ग्रहण
दुपारपासून वेध, म्हणून पहाटेच निघालो. मी, नुमान आणि हे. नमुन्यादाखल थोड्या पट्ट्या बांधल्या. नुमान लांब उभा राहून डोळे बारीक करून बघत होता. म्हणाला, काकू, हिरवी हिरव्यात दिसत नाही. लाल दिसते, पण खिंडीत जुन्या चिंध्यापण लालच. पळणारा माणूस विचार करत नाही, कापड दिसलं की घुसतो.

मी विचारलं मग काय जुन्या काढायच्या? देवीला वाहिलेलं काढून घेतात होय? तुमच्यात दर्ग्यावरची चादर कोणी काढून आणेल का? तो डोकं खाजवून म्हणाला, बरं. खालची वाट तुमची. खिंडीतलं मी शेवटच्या दिवशी करतो, भगवी टेप पुन्हा आणून. डावीकडे फांद्या टाकून बंदच करू.

ह्यांना मी नमुन्याला पळायला लावलं. पट्टीवरून पट्टीवर गेले. एकही चुकले नाहीत. चिंधी दिसली की तिच्यापाशी जाऊन उभे राहायचे, पुढची शोधायचे, निघायचे. नुमान ते बघून म्हणाला, काका वाट बघतच नाहीत हो. नुसतं कापड बघतात.

तेच तर शिकवलंय मी.

घरी येऊन आंघोळ, जप. ग्रहण सुटेपर्यंत कोणी काही खाल्लं नाही. ह्यांनी संध्याकाळी पाणी हवं का नको एवढंसुद्धा सांगितलं नाही. मी नको ठरवलं.

१४ सप्टेंबर, रविवार
मामंजींचं पित्र. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. गच्चीवर पान ठेवलं. कावळा शिवेना. ऊन चढलं तरी एक नाही. शेवटी एक आला, कठड्यावर बसला, ह्यांच्याकडे बघितलं आणि उडून गेला.

टॉवर झाल्यापासून या भागात कावळेच राहिले नाहीत. पान गाईला दिलं.

शर्यत सर्वपित्रीला येते आहे. ताजुन्निसासुद्धा म्हणाली, तुमच्यात या दिवसांत नवीन काही करत नाहीत ना? मी म्हटलं, शर्यत म्हणजे काही शुभकार्य नव्हे. शिवाय वन खात्याची परवानगी त्याच रविवारची मिळाली आहे. पितर समजून घेतील.

ह्यांना विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, तुला काय वाटतं? म्हटलं, नाही वाटत. म्हणाले, मग नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
थकले आहे, पण समाधान आहे.

शर्यतीसाठी ठरवलेला रुग्णवाहिकेवाला आयत्या वेळी नाही म्हणाला, नुमान दुसरी शोधण्यात अडकला. फोनवर ओरडत होता, काकू, खिंडीत मी येईपर्यंत काही करू नका. मी म्हटलं, तू तुझं बघ, खिंडीतलं मी करते. भगवी टेप त्याच्याच डिकीत राहिली.

फाट्यावर उजवीकडे रांगोळीने मोठा बाण काढला. हात चांगला आहे माझा, बाणाला वेलबुट्टी पण काढली. उजवीकडे पट्ट्या बांधल्या. डावीकडे टाकायला फांद्या तोडायच्या होत्या. सावित्रीबाई म्हणाली, आईच्या राईतली फांदी तोडू नगा, आईला चालत न्हाई. मग नाही तोडली. देवीच्या दारात कुंपण घालायचं, हे मलाही पटत नव्हतंच.

पट्ट्या उरल्या. परत नेऊन काय करायच्या? धावणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने एकेक चिंधाईला दिली. दगडापर्यंतच्या झुडपांना ओळीने. काय सुंदर दिसत होतं, लाल-हिरवं, नवंकोरं, काठापदराचं. ह्यांच्या नावाची मी अगदी दगडाजवळ बांधली, शेवटची. बांधताना वारा इतका की हातातून सुटू बघत होती. सैलच बसली गाठ.

सावित्रीबाई सगळं बघत उभी होती. म्हणाली, एवढ्या? एवढी माणसं मागं फिरवायची हायत व्हय?

काहीतरीच बोलतात म्हातारी माणसं.

उतरताना भुरभुर सुरू झाली.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या. सकाळी
तळाच्या गावात शाळेच्या पडवीत बसून लिहिते आहे. सगळे सुटले. दिव्या पहिल्यांत. हे शेवटी. बूट पुसून दिले होते. कपाळाला अंगारा लावला. म्हटलं, माझ्या पट्ट्या बघत जा, दुसरीकडे बघायचं नाही. मान डोलावली.

धुकं आहे. खिंड दिसत नाही. पाऊस रात्रभर होता म्हणे. रांगोळीचं जरा वाटतं आहे. पण पट्ट्या पक्क्या आहेत.

दुपारी
सगळे आले. दिव्या आली, बक्षीस मिळालं. ती म्हणते खिंडीत बाण वगैरे काही नव्हता, नुसता पांढरट चिखल. डावीकडे चिंध्याच चिंध्या. फोन ओरडला म्हणून सगळे उजवीकडे वळले.

सगळे फोन बघत होते म्हणे. माझ्या पट्ट्या कोणी बघितल्याच नाहीत.

हे आले नाहीत. रमतगमत येत असतील. दिव्या बक्षीस पडवीत टाकून उलटी वर पळत गेली. नुमान तिच्या आधीच गेला.

स्तोत्र म्हणते आहे. मध्येच ओळी विसरायला होतात. कधी विसरत नाही.

दिवेलागण
सापडले. जिवंत आहेत.

सावित्रीबाईनेच सांगितलं पोरांना, पाव्हणा चिंध्यांमागं गेला असंल, खाली बघा. कड्याखाली चार-पाच पुरुष खोल एक घळ आहे, तिथे कारवीत अडकले होते. गावच्या पोरांनी दोर लावून काढलं. पाय मोडला आहे, खुब्याजवळ. खरचटलंय सगळीकडे. पायाची बोटं मात्र शाबूत.

हाक मारली का नाही, असं नुमानने विचारलं. म्हणाले, कोणी सांगितलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना
घट बसवला. थोडी माती सांडली. चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, ठीक आहे म्हणतात.

झालं ते नुमानमुळे. खिंडीतलं मी करतो म्हणाला आणि आलाच नाही. आणि अमावास्या. आणि पाऊस नसता तर बाण राहिला असता. आणि प्लास्टिकची टेप तरी धुक्यात कुठे दिसली असती? आणि ह्यांनी समोर बघायला नको? धडधाकट माणूस, डोळ्यांना काही झालेलं नाही. कड्याच्या टोकाशी गेल्यावर तरी कळायला हवं.

हे सगळं मी दिव्याला कॉरिडॉरमध्ये म्हटलं. ती भिंतीला टेकून उभी होती. मला पूर्ण बोलू दिलं, असं ती कधी करत नाही. मग म्हणाली, आई, मी विचारलं त्यांना. त्यांना कळलं होतं.

काय कळलं होतं?

फाट्यावर उजव्या वाटेवरून एक जण ओरडला, काका तिकडे नाही, इकडे. ते त्यांना ऐकू आलं होतं. पुढे गेल्यावर धुकं जरा विरळ झालं, कडा स्पष्ट दिसत होता. दगड दिसला. त्याच्यापुढे जमीन नाही हेही दिसलं. पण त्या दगडाजवळची एक पट्टी वाऱ्याने सुटून पलीकडे, कड्याच्या खाली, कारवीवर जाऊन अडकली होती. लाल. काठाची.

मग बाबा म्हणाले, हिने तिथे बांधली आहे म्हणजे काहीतरी बघूनच बांधली असेल.

आणि पाय टाकला.

दिव्या रडली नाही. मी तिला म्हटलं, औषधाचा परिणाम असेल, माणूस गुंगीत काहीही बोलतो. ती म्हणाली, हो. आणि आत गेली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
हे काल घरी आले. पुढच्या खोलीत कॉट टाकली आहे. ललितापंचमी, कुंकुमार्चन केलं, मन लागलं नाही. ताजुन्निसा शिरा घेऊन आली होती. बसली, ह्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला काही म्हणाली नाही. मी वाट बघत होते काहीतरी टोमणा मारेल म्हणून.

ती गेल्यावर ह्यांच्याजवळ बसले. उशी नीट केली. म्हटलं, तुमचं डोकं खिडकीकडे करू का दाराकडे?

म्हणाले, तू म्हणशील तसं.

म्हटलं, नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला कुठे बघायला आवडेल?

हे माझ्याकडे बघायला लागले. मग खिडकीकडे बघितलं. दाराकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. ओठ हलले, आवाज नाही. मी हसून म्हटलं, घाई नाही, सावकाश सांगा. कपाळावर घाम आला त्यांच्या. पुसला. पुन्हा आला. चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. खाली कंपनीची बस येऊन गेली, तिचा हॉर्न झाला, तिकडेसुद्धा लक्ष नाही. मी बसून राहिले. आज बोलल्याशिवाय उठायचंच नाही, असं ठरवलं होतं.

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

शेवटी मीच म्हटलं, खिडकीकडे करते.

मूठ सुटली. चेहरा असा निवळला, की लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना एवढं सुखात कधी बघितलं नाही.